मांडूळ : वाढ, वजन आणि आहार

भात कापून झाले, भारे खळ्यावर आले आणि मळणीसाठी उडवी उकलू लागली म्हणजे तिच्या तळाशी कधी कधी एक जाड, सुस्त, मातकट रंगाचा साप वेटोळे घालून पडलेला आढळतो. त्याचे शेपूट डोक्याइतकेच बोथट असते. तो फणा काढीत नाही आणि पळून जाण्याची घाईही करीत नाही. हेच मांडूळ. पूर्वी असा साप दिसला तर लोक त्यास काठीने बाजूस सारीत, अथवा भीतीपोटी मारून टाकीत. अलीकडे मात्र मांडूळ दिसताच घरातील तराजू बाहेर काढला जातो.

मांडूळ लाखो रुपयांस विकले जाते, त्याचे वजन ठराविक किलो भरले म्हणजे किंमत दुप्पट होते, ही वदंता आता गावोगाव पोहोचली आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या परिसरात मांडूळ विकावयास आलेल्या इसमांस पोलिसांनी व वन विभागाने सापळा रचून पकडल्याची वृत्ते गेली अनेक वर्षे वारंवार प्रसिद्ध होत आली आहेत. दुसरीकडे, मोठ्या शहरांतील काही घरांतून परदेशी बोआ काचेच्या पेटीत हौसेने पाळले जातात. वरवर पाहता या दोन गोष्टी भिन्न आहेत. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेले अज्ञान एकच आहे. साप किती वाढतो, किती काळात वाढतो, काय खातो आणि किती वेळा खातो, याची माहिती नसल्यामुळे साप प्राणास मुकतो आणि माणूस संकटात सापडतो. ही माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकऱ्यांस असावी, हा या पाठाचा हेतू आहे.

बोआ गट व आपल्याकडील जाती

आवळून भक्ष्य मारणाऱ्या बिनविषारी सापांचे दोन गट प्रसिद्ध आहेत : अजगर आणि बोआ. अजगराची मादी अंडी घालते व त्यांभोवती वेटोळे घालून बसते. बोआ गटातील बहुतेक जाती थेट पिलांना जन्म देतात. दक्षिण व मध्य अमेरिकेतील मोठा बोआ जगभर ठाऊक असला, तरी त्याचे लहान आप्त आपल्या मातीतही आहेत, ही गोष्ट अनेकांस माहीत नसते.

महाराष्ट्रात या गटातील दोन जाती सर्वपरिचित आहेत. पहिली मांडूळ, जिला काही भागांत दुतोंड्या असेही म्हणतात. दुसरी डुरक्या घोणस. मांडुळाचा रंग एकसारखा तांबूस, तपकिरी किंवा काळपट असतो. अंग गुळगुळीत, डोके लहान व मानेपासून वेगळे न दिसणारे, आणि शेपूट आखूड व बोथट असते. पिले नारिंगी-तांबूस असून त्यांच्या अंगावर काळे पट्टे असतात. वयाबरोबर ते फिके होत जातात. डुरक्या घोणस आखूड व जाड असते. तिच्या पाठीवर वेडेवाकडे गडद ठिगळांसारखे डाग असतात आणि शेपटीवरील खवले हातास खरखरीत लागतात.

मांडुळाचे शास्त्रीय वर्णन पॅट्रिक रसेल या निसर्ग-अभ्यासकाने १८०१ साली प्रसिद्ध केले. जी विषारी घोणस शेतकऱ्यांच्या नित्य भीतीचा विषय आहे, तिला इंग्रजीत याच रसेलचे नाव आहे. हा योगायोग एवढ्यासाठी सांगावयाचा, की निरुपद्रवी बोआ आणि प्राणघातक घोणस यांची गल्लत आजही होते. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

मांडुळास कोरडी, भुसभुशीत जमीन मानवते. म्हणून घाटावरील हलक्या जमिनीत ते अधिक आढळते. पाणथळ खाचरात ते राहत नाही. ठाणे जिल्ह्यात ते दिसलेच तर वरकस जमीन, माळ, भाजीचे मळे, उंच बांध आणि पेंढ्याचे ढीग अशा जागी दिसते. शहरी भागात पकडली गेलेली मांडुळे मात्र पुष्कळदा दूरच्या जिल्ह्यांतून विक्रीसाठीच आणलेली असतात. म्हणजेच या व्यापारात ठाणे-कल्याणचे स्थान मुख्यतः बाजारपेठेचे आहे.

प्रौढ सापाचा आकार

पूर्ण वाढलेले मांडूळ साधारणतः दोन ते तीन फूट लांब असते. चार फुटांच्या आसपास पोहोचणारे मांडूळ विरळाच. डुरक्या घोणस त्याहून आखूड, बहुधा दीड-दोन फुटांची असते; तीन फुटांवर गेलेली क्वचित आढळते. दोन्ही जातींत मादी नरापेक्षा मोठी व जड असते.

वजनाविषयी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण सारा अनर्थ वजनाभोवती फिरतो. बहुतेक प्रौढ मांडुळांचे वजन एक किलोच्या आतच असते. मोठी मादी, विशेषतः पोटात पिले असताना, त्याहून अधिक भरते. दलाल ज्या अडीच-तीन किलोंची अट घालतात, तितके वजन साध्या सुदृढ मांडुळाचे नसते. अट मुद्दाम अशी ठेवलेली असते, की ती सहसा पुरी होऊ नये. ती पुरी न झाल्यामुळे व्यवहार लांबतो. दरम्यान ‘चाचणी’, ‘प्रवासखर्च’, ‘आगाऊ रक्कम’ अशा नावांखाली भोळ्या माणसाचाच पैसा काढून घेतला जातो.

सापाची वाढ मंद असते. नुकतेच जन्मलेले मांडूळ सुमारे एक वीत लांब असते आणि ते प्रजननक्षम होण्यास काही वर्षे जावी लागतात. मादी एका वेळी साधारण सहा ते आठ, क्वचित त्याहून अधिक पिलांना जन्म देते. परंतु ती दरवर्षी वितेच असे नाही. कोंबडीचे पिलू जसे काही आठवड्यांत वजनावर आणता येते, तसा हा जीव नव्हे. म्हणून एका शिवारातून चार-पाच मोठ्या माद्या पकडून नेल्या, तर ती उणीव भरून येण्यास दीर्घ काळ लागतो.

आहार व पचन

मांडुळाचे मुख्य अन्न उंदीर आणि उंदरांची पिले. लहान साप सरडे व पाली यांवरही उपजीविका करतो. मांडूळ बहुधा रात्री हिंडते, भुसभुशीत मातीत अंग पुरून दबा धरते आणि भक्ष्य जवळ येताच त्यास पकडून विळखा घालते. भक्ष्य गुदमरून मरते अशी पूर्वी समजूत होती. मोठ्या बोआवर अमेरिकेत झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असे दिसले, की विळख्याच्या दाबाने भक्ष्याचे रक्ताभिसरणच काही क्षणांत बंद पडते.

साप आपल्या अंगाची ऊब स्वतः निर्माण करीत नाही. ती तो जमिनीकडून व उन्हाकडून घेतो. गायीने वा मांजराने खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग अंग उबदार ठेवण्यातच खर्च होतो. सापास तो खर्च नाही. म्हणून तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्यास जितके अन्न लागते, त्याच्या सुमारे एक दशांश अन्नावर सापाचा निर्वाह होतो. प्रौढ मांडुळास दहा-पंधरा दिवसांतून एक बेताचा उंदीर पुरतो. थंडीत ते अनेक आठवडे काहीही न खाता राहू शकते. हा उपवास आजाराचे लक्षण नव्हे.

भक्ष्याच्या आकारासही मर्यादा आहे. सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून भक्ष्य फारसे मोठे असू नये, हा बोआ गटातील सर्व सापांस लागू पडणारा सर्वसाधारण नियम आहे. भक्ष्य मोठे झाले, किंवा खाल्ल्यानंतर सापास पुरेशी ऊब मिळाली नाही, तर अन्न पोटात पचण्याऐवजी कुजू लागते व साप ते ओकून टाकतो. ओकण्याबरोबर पोटातील पाचकरसही जातात. पुन्हा पुन्हा ओकणारा साप क्षीण होऊन दगावतो. खाल्ल्यावर लगेच हाताळल्यासही हाच परिणाम होतो. कात टाकण्यापूर्वी सापाचे डोळे दुधाळ होतात. त्या दिवसांत तो सहसा अन्न घेत नाही.

दूध हे कोणत्याही सापाचे अन्न नव्हे. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर ठेवलेला कोणताही द्रव पिण्याचा प्रयत्न करतो, त्यावरून तो दूध आवडीने पितो असा ग्रह झालेला आहे. दुधाने त्यास अपाय होतो.

वजन वाढविण्याचा खटाटोप

अशा प्रकरणांची रीत बहुतेक एकसारखी असते. शेतकऱ्यास मांडूळ सापडते. शेजारचा कोणी शहरातील ओळखीच्या माणसास फोन करतो. तो माणूस पैसे देत नाही, तो छायाचित्र मागवितो, वजन विचारतो आणि म्हणतो, “वजन कमी आहे. महिनाभर चांगले खाऊ घाला, मग पाहू.” येथून सापाचे व शेतकऱ्याचे हाल सुरू होतात.

साप धान्याच्या पिंपात किंवा मडक्यात कोंडला जातो. पिंपाच्या तळाशी माती नसते, ऊब नसते, लपावयास आडोसा नसतो. घाबरलेला साप स्वतः होऊन खात नाही. मग उंदीर, मांसाचे तुकडे, अंडी असे काही ना काही त्याच्या तोंडात काडीने ढकलले जाते. त्याचे नाजूक दात मोडतात, हिरड्यांस जखमा होऊन त्या चिघळतात, तोंडास सूज येते. अन्न श्वासमार्गात गेल्यास साप तेथेच मरतो. पोटात गेलेले अन्न थंड पिंपात पचत नाही आणि चार दिवसांनी ओकले जाते. महिन्याच्या शेवटी तराजूवर वजन वाढलेले नसते. उलट ते घटलेले असते. पुष्कळदा तोवर सापच उरत नाही.

साप जगला, तर पुढचा टप्पा अधिक वाईट. शेतकरी पिशवीत साप घेऊन नेमलेल्या ठिकाणी जातो. समोरचा गिऱ्हाईक साध्या वेशातील पोलीस कर्मचारी असतो. साप जप्त होतो, ज्या मोटारसायकलवरून तो आणला ती जप्त होते, आणि जो कधी गावच्या चावडीपलीकडे गेला नव्हता त्यास न्यायालयाच्या तारखा सुरू होतात. पेरणीच्या दिवसांत तारीख पडली तर पेरणी थांबते. ज्याने फोनवरून वजन विचारले होते, तो दलाल मात्र बहुधा त्या जागी नसतो.

मुळात ही किंमत येते कोठून, हे पाहिले पाहिजे. मांडुळामुळे गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, असाध्य रोग बरे होतात, असे सांगितले जाते. यांपैकी एकाही गोष्टीस आधार नाही. सापास दोन तोंडे नसतात. शेपूट डोक्यासारखे दिसणे ही त्याची संरक्षणाची युक्ती आहे : संकट आले म्हणजे मांडूळ डोके वेटोळ्यात लपविते व शेपूट पुढे करते, त्यामुळे शत्रूचा वार शेपटीवर पडून जीव वाचतो. पूर्वी काही गारुडी या शेपटीवर डोळे व तोंड कोरून प्रेक्षकांस दुसरे डोके दाखवीत. साप सहा महिने एका तोंडाने व सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालतो, त्याने चाटल्यास कोड उठते, हे समजही तसेच निराधार आहेत. जी वस्तू खऱ्या उपयोगाची नाही तिची किंमत दुसऱ्या फसणाऱ्या माणसावरच अवलंबून असते. आणि शेवटचा फसणारा बहुधा शेतकरी असतो.

परदेशी बोआ पाळणाऱ्यांविषयी

गावातील तरुण नोकरीनिमित्त शहरात राहतात आणि तेथील हौशी गावात येतात. म्हणून परदेशी बोआविषयीही दोन शब्द सांगणे योग्य ठरेल. अमेरिकेतील मोठा बोआ पिलू असताना हातभर लांब असतो व मनगटाभोवती सहज गुंडाळला जातो. विक्रेता तेव्हाच तो विकतो. परंतु प्रौढ मादी सहा ते दहा फूट लांब होते, तिचे वजन पंधरा किलोंच्या आसपास जाऊ शकते आणि ती वीस ते तीस वर्षे जगते. दोन खोल्यांच्या घरात एवढ्या सापास अंग पसरावयास जागा, आधारास भक्कम फांदी, बुडून बसता येईल असे पाण्याचे भांडे आणि वर्षभर सुमारे २६ ते ३२ अंश सेल्सिअस ऊब देणे सोपे नाही. डोंबिवलीतील हिवाळ्याची रात्र माणसास सुखद वाटते. भरल्या पोटाच्या बोआस ती अपायकारक ठरते.

आहारातही दोन टोकांच्या चुका होतात. लहान पिलास आठ-दहा दिवसांतून एक योग्य आकाराचा उंदीर लागतो. प्रौढ सापास तीन-चार आठवड्यांतून एकदा अन्न पुरते. हौशी माणूस सापास माणसाच्या मापाने मोजतो व दर आठवड्यास खाऊ घालतो. असा साप लठ्ठ होतो, त्याच्या यकृतावर चरबी साठते व आयुष्य घटते. जिवंत उंदीर पेटीत सोडून दिल्यास उंदीरच सापास चावून गंभीर जखमा करतो. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात. त्यांस हाताळल्यावर साबणाने हात न धुतल्यास लहान मुलांस अतिसार होण्याचा संभव असतो.

सर्वांत मोठा धोका पुढेच आहे. साप मोठा झाला, घरच्यांनी तक्रार केली, म्हणजे पाळणारा त्यास रात्री खाडीकाठी किंवा डोंगरात सोडून देतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पाणथळ प्रदेशात पाळीव अजगर अशाच रीतीने सुटले, तेथे त्यांची पैदास झाली आणि ससे व इतर लहान सस्तन प्राण्यांची संख्या विलक्षण घटली. अरुबा बेटावर परदेशी बोआने असेच ठाण मांडले आहे. उल्हास, काळू व भातसा नद्यांच्या खोऱ्यात असे घडू नये, याची दक्षता घेणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

शेतातील मांडुळाचा खरा मोबदला

मांडुळाची किंमत करावयाचीच तर ती उंदराच्या हिशोबाने करावी. भात पोटरीत असता उंदीर धांडे बुडाशी कुरतडतात आणि लोंब्या बिळात ओढून नेतात. मळणीनंतर ते कणगीत व पिंपाभोवती येतात. उंदराची मादी तीन आठवड्यांच्या सुमारास विते, एका वेळी सहा-आठ पिले देते आणि ती पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः विऊ लागतात.

एका मांडुळाने वर्षाकाठी वीस-पंचवीस वेळा भक्ष्य घेतले असे धरू. हा आकडा लहान वाटतो. परंतु मांडूळ बिळात शिरते. मांजर व घुबड तेथे शिरू शकत नाहीत. बिळातील एका वेळचे भक्ष्य म्हणजे कधी गाभण मादी, तर कधी पिलांची सबंध वीण असते. पोटरीच्या आधी अशी एक मादी संपली, तर कापणीपर्यंत होणारी तिची पुढची वीण टळते. एकटे मांडूळ शिवार उंदरांपासून मुक्त करील असा दावा कोणी करू नये. धामण, घुबड, मुंगूस आणि मांडूळ मिळून जे काम करतात, त्याचा हा एक वाटा आहे; आणि त्यासाठी शेतकऱ्यास एक पैही खर्चावी लागत नाही.

उंदरांचा संबंध पिकापुरताच नाही. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि अनवाणी पायांवरील जखमांतून माणसाच्या शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीनंतर मुंबई परिसरात या रोगाची साथ उद्भवली होती. चिखलणी व लावणी करणाऱ्या शेतकऱ्यास हा धोका दर पावसाळ्यात असतो.

उंदरांसाठी विषारी आमिष वापरावे लागले, तर ते उघड्यावर न पसरता बिळात घालून बीळ बंद करावे व मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. विष खाल्लेला उंदीर खाऊन साप व घुबड मेले, तर पुढील हंगामात उंदरांचे काम सोपे होते.

ओळखीत चूक नको

पैशाच्या आशेने कोणताही जाड साप हातात धरण्याची प्रवृत्ती वाढली आहे. तिचा परिणाम प्राणघातक होऊ शकतो. विषारी घोणस हीदेखील जाड, सुस्त व पेंढ्यात दडणारी असते. पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात.

विषारी घोणस : डोके त्रिकोणी व मानेहून रुंद, पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, शेपूट निमुळते, डिवचल्यास कुकरच्या शिटीसारखा मोठा फूत्कार.

डुरक्या घोणस : डोके मानेपासून फारसे वेगळे नाही, डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, शेपूट फारच आखूड व खरखरीत.

मांडूळ : अंग गुळगुळीत, प्रौढपणी बिनडागांचे, शेपूट बोथट, डोक्यासारखे.

या खुणा दुरून पाहण्यासाठी आहेत. हातात धरून तपासण्यासाठी नाहीत. अंधारात, पेंढ्यात किंवा घाईत अनुभवी माणसाचीही चूक होते. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. रुग्णास धीर देऊन, अवयव न हलविता, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने सर्पदंशावरील लस असलेल्या शासकीय रुग्णालयात तत्काळ न्यावे.

कायद्याची बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मांडूळ, डुरक्या घोणस व अजगर हे संरक्षित प्राणी आहेत. त्यांस पकडणे, पाळणे, विकणे, विकत घेणे वा त्यांची वाहतूक करणे हा गुन्हा असून त्यास कारावास व दंड या शिक्षा आहेत. या अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. साप आपल्या शेतात सापडला म्हणून तो आपल्या मालकीचा होत नाही. मांडुळाच्या नावाने चमत्काराचा दावा करून लोकांस फसविणाऱ्यांस महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होऊ शकतो.

परदेशी बोआ हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. असा प्राणी बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांनुसार केंद्र शासनाच्या परिवेश या संकेतस्थळामार्फत त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनास या कामी काही किंमत नाही.

मांडूळ आढळल्यास काय करावे

१. शेतात किंवा बांधावर असल्यास त्यास तसेच राहू द्यावे. ते आपल्या वाटेने जाईल.

२. खळ्यावर किंवा उडवीत असल्यास काम थोडा वेळ थांबवावे, मुले व कुत्री दूर ठेवावीत आणि सापास निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी.

३. घरात शिरल्यास, किंवा ओळख पटत नसल्यास, वन विभागाच्या १९२६ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावर कळवावे व त्यांचा माणूस येईपर्यंत दुरून लक्ष ठेवावे.

४. राब भाजण्यापूर्वी पालापाचोळा व कवळ लांब काठीने हलवून पाहावे आणि एका बाजूने पेटवावे, म्हणजे आत दडलेल्या जिवास दुसऱ्या बाजूने निघता येते.

५. छायाचित्र काढून ते इतरांस पाठवू नये. दलालापर्यंत साप पोहोचण्याचा पहिला मार्ग तोच आहे.

६. कोणी वजनाची वा किमतीची चौकशी करीत आल्यास ती बातमी वन विभागास किंवा पोलिसांस द्यावी.

कार्यकर्त्यांस सूचना

हा विषय गावात मांडताना आरंभी कायद्याची भीती घालू नये. लोक भीतीने ऐकतात आणि नंतर विसरतात. प्रथम उंदरांनी केलेल्या नुकसानीची गोष्ट काढावी. ती प्रत्येकाच्या घरची असते. मग पुढील प्रश्न विचारावेत : मांडुळाच्या विक्रीतून श्रीमंत झालेला माणूस प्रत्यक्ष कोणी पाहिला आहे काय? एवढा मोलाचा साप असेल, तर दलाल पैसे आगाऊ का देत नाही, उलट मागतो का? दहा-पंधरा दिवसांतून एकदा खाणारा जीव महिनाभरात दुप्पट कसा होईल? या तीन प्रश्नांची उत्तरे लोक स्वतःच देतात, आणि स्वतः दिलेले उत्तर टिकते.

कल्याण-शीळ मार्गाच्या दुतर्फा जेथे एके काळी भाताची खाचरे होती, तेथे आज उंच इमारती उभ्या आहेत. उरलेल्या बांधांवर व वरकस पट्ट्यांत जे थोडे साप शिल्लक आहेत, त्यांस शेतकऱ्याखेरीज दुसरा राखणदार नाही. मांडुळास पिंप नको, काचेची पेटी नको, घास भरविणारा हातही नको. त्यास भुसभुशीत माती व उंदराचे बीळ पुरे होते. या दोन्ही गोष्टी शेतात आहेत. शेतकरी बंधूंनी तराजू घरातच ठेवावा व मांडूळ शेतात राहू द्यावे. त्याची कमाई पुढील हंगामाच्या खळ्यावर दिसेल.